छातीतले ग्रंथ

३ सप्टेंबर

साडूभाऊ,

नमस्कार. तुम्हाला पत्र लिहायला कारण लागत असतं तर आपली दोस्ती केव्हाच आटली असती, तेव्हा कारण विचारू नका. दोन सख्ख्या बहिणी आपल्या दोघांच्या नशिबी आल्या, थोरली तुमच्या आणि धाकटी माझ्या, एवढं कारण पुरे.

नवीन काम मिळालंय. शहराच्या कडेला एक जुनी शाळा आहे, ती पाडणार आहेत. तिच्या मनोऱ्याच्या पोटमाळ्यावर तीनेकशे पुस्तकं चाळीस वर्षं पडून होती. ती खाली आणायची, झाडायची आणि ज्यांची पाठ गेलीय त्यांना नवी पाठ बांधून द्यायची. शाळेची माणसं म्हणाली, आम्ही हमाल लावतो. मी म्हटलं, हात लावाल तर खबरदार! हमाल पुस्तकाला मानगुटीला धरून उचलतो. शेवटी मी आणि ही, दोघंच गेलो. चार दिवस मी वर आणि ही शिडीच्या मधल्या पायरीवर. मी झाडून द्यायचो, ती फडक्याने पुसून खाली ठेवायची.

आणि वर काय होतं माहितीये? वटवाघळं. शंभरेक तरी असतील, वाशांना लटकलेली, मधूनच एखादं कूस बदलल्यासारखं हलायचं. खाली घोट्याएवढी काळी भुकटी, चहाच्या पुडीसारखी मऊ. पुस्तक ओढलं की ती उडायची आणि छपराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत नुसती तरंगत राहायची. खाली येतच नव्हती हो! आम्ही दोघं हातातलं काम टाकून बघत बसलो. ही म्हणाली, "पाण्याखाली बसल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, पाण्याचं खातं माझ्या साडूकडे आहे, त्यांना कळवतो.

तर कळवलं. ताईंना नमस्कार सांगा.

तुमचा,
बाइंडर


१२ सप्टेंबर

बाइंडर महाशय,

पाण्याच्या खात्याला तुमची तक्रार पोचली. पाण्याखाली बसल्यासारखं वाटायला पोटमाळ्यावर कशाला चढायला हवं? इथे या. सध्या सकाळी असं धुकं असतं की मी पाण्याची पातळी मोजायची पट्टी वाचायला उतरतो तेव्हा आधी नदी नसतेच. नुसता तिचा आवाज असतो. मग पायरी, मग खांब, मग खांबावरचे आकडे एकेक करून उगवतात. कधीकधी वाटतं, मी वाचतो म्हणून ती येते. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "डोळे तपासून घ्या."

परवा गंमत झाली. पाऊस नाही, वारा नाही आणि पाणी चार बोटं चढलेलं. नवीन आलेला साहेब म्हणाला, पट्टी सरकली असेल. मी म्हटलं, साहेब, एकवीस वर्षं हेच करतोय. इथे पाणी चढलं की इथे बघून काही कळत नाही. वरच्या अंगाला काय झालं ते विचारायचं. वर फोन केला, तर कोणीतरी माशांचं तळं उपसलं होतं. साहेबाने माझा आकडा वहीत उतरवला.

तुमच्या पुस्तकांतून माझ्यासाठी एखादं निघतंय का बघा, गोष्टीचं. शेवट गोड असला तर बरं.

तुमचा,
पाणीमाप्या


२० ऑक्टोबर

साडूभाऊ,

हे पत्र एकट्याने वाचा आणि वाचून झाल्यावर ताईंच्या हाती लागू देऊ नका. आधी शपथ घ्या, मगच पुढे वाचा. घेतलीत? बरं.

तीन आठवडे झाले, संध्याकाळ झाली की अंगात कणकण येते. जास्त नाही, पण दिवे लागायच्या वेळी खोलीतल्या वस्तू जरा लांब गेल्यासारख्या वाटतात. खळीचं पातेलं, दाभण, दोऱ्याची रिळं, सगळं आपापल्या जागी असतं, पण मधे खूप हवा आहे असं वाटतं. डोळा लागला की स्वप्न ठरलेलं. मी पुस्तक शिवतोय, एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, लावतोय, पण पानं संपत नाहीत आणि पुस्तक कसलं आहे ते वाचायला गेलं की अक्षरं शेवाळासारखी हलतात. भीती वाटत नाही. गोडच वाटतं. हीच भीतीची गोष्ट आहे.

कोरडा खोकला होता, वजनही उतरलं, म्हणून हिला पुठ्ठा आणायला जातो सांगून मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई तरुण आहेत, माझ्या कानांचा अंदाज नसल्यामुळे हळू बोलतात. फोटो दिव्यासमोर धरून म्हणाल्या, "छातीत ग्रंथी वाढल्यात." मला ऐकू आलं, ग्रंथ वाढलेत. मी म्हटलं, "माझ्या दुकानातही तेच आहे बाई, ठेवायला जागा नाही!" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या आणि मग हसू आवरून कागदावर चित्र काढलं.

दोन फुफ्फुसांच्या मधे, श्वासनळीच्या आजूबाजूला, वाटाण्यासारख्या लहान ग्रंथी सगळ्यांनाच असतात. शरीरात आलेला कचरा अडवणं हे त्यांचं काम. काही वावगं आत आलं की त्या फुगतात. माझ्या दोन-अडीच सेंटीमीटरच्या झाल्यात, एकापेक्षा जास्त आहेत. कशामुळे, हे फोटो सांगत नाही. क्षय असू शकतो. धुळीने होतं. सारकॉइड नावाचा एक आजार आहे, त्यात कशामुळे सूज येते ते अजून कोणालाच नीट कळलेलं नाही. आणि मग दुसरी बाजू. त्या ग्रंथींचाच कर्करोग किंवा फुफ्फुसातला तिथे उतरलेला. बाई म्हणाल्या, "काही वेळा आपोआप बसतात, काही वेळा एक दिवसही थांबून चालत नाही. कारण कळल्याशिवाय मी तुम्हाला 'घाबरू नका' म्हणणार नाही आणि 'घाबरा' असंही म्हणणार नाही." खरं बोलणारी बाई आहे. क्षयाची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. आता श्वासनळीतून दुर्बीण घालून सुईने ग्रंथीतला कण काढायचा. त्याची तारीख लांबची मिळालीय, १५ नोव्हेंबर.

"धुळीत काम करता का?" असंही विचारलं. मला रागच आला. माझ्या दुकानात धूळ? तीस वर्षांत माझ्या टेबलावर कोणाला बोट फिरवून दाखवता आलं नाही! मी ठणकावून सांगितलं, "नाही. अजिबात नाही." त्यांनी तसं लिहून घेतलं.

माझ्या वडिलांना छातीतच काहीतरी झालं होतं. त्या वेळी कोणी नाव सांगत नसत. त्यामुळे मी मनाशी धरून चाललोय.

हिला सांगायचं नाही. हिचा जीव केवढासा आहे ते तुम्हाला माहीत आहे.

तुमचा,
बाइंडर


२७ ऑक्टोबर

अहो शहाणे,

शपथ घ्या म्हणून मग बाँब टाकायचा, ही कुठली रीत? शपथ घेऊन बसलोय, आता तोंड उघडताही येत नाही. दोन दिवस पट्टीवरचा आकडा चुकीचा सांगितला कचेरीला. साहेबाने विचारलं, "बरं वाटत नाही का?" काय सांगू त्याला, की माझ्या साडूच्या छातीत ग्रंथ झालेत?

मनाशी धरून चाललोय म्हणजे काय? तुमच्या मनाला काय कळतं? तुमचं मन म्हणजे कानांसारखंच, ऐकायचं एक आणि धरायचं दुसरं. बाईंनी चार कारणं सांगितली, त्यांतली बरी तुम्ही सोडून दिलीत आणि वाईट तेवढी खिशात घालून घरी आलात.

मी येऊ का? नुसतं शेजारी बसायला. तुम्हाला सुई टोचतील तेव्हा मी बाहेर बाकावर असेन. नदी चार दिवस दुसरं कोणी वाचेल.

एक काळजीची गोष्ट आहे. बायको काही दिवसांपासून विचित्र वागतेय. धाकटीचं पत्र आलं की मागच्या खोलीत जाऊन वाचते. काल डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाली, कांदा. घरात कांदा नव्हता. मला वाटतं, तिला कुठूनतरी तुमचं कळलंय. पण आईशपथ, मी ताकास तूर लागू दिलेली नाही.

आज नदीवर एक गंमत दिसली. पाण्यावर धुकं आणि धुक्यावर ऊन, मधे एक रिकामी होडी आपली आपण चालली होती, घाई नसल्यासारखी. तुम्ही असतात तर तासभर बघत बसला असतात. लवकर बरे व्हा हो. मला दुसरा साडू नाही.

पाणीमाप्या


६ नोव्हेंबर

साडूभाऊ,

तुम्ही पचकलात.

नाही म्हणू नका. हिला सगळं कळलंय आणि ती मला कळू देत नाही. काम करताना गुणगुणायची ती थांबलीय. जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसते, हात गुडघ्यांवर. मी वरून बघतो, ती खालूनच म्हणते, "काही नाही हो, असंच." मी जवळ गेलो की तोंडावर फडकं धरते. रडू लपवायलाच, दुसरं काय? रोज सकाळी मला विचारते, "कसं वाटतंय?" मी म्हणतो, "बरंय. तुला?" ती म्हणते, "बरंय." आणि दोघंही आपापल्या कामाला लागतो. एकतीस वर्षांत आम्ही इतके सभ्य कधीच नव्हतो.

आणि कहर म्हणजे तिने मला स्वयंपाक शिकवायला काढलाय! बटाटे किती वेळ उकडायचे, मीठ कधी टाकायचं, कुठल्या डब्यात काय. माझा हात धरून डबे दाखवते. अहो, मी चाललो आणि ही मला डाळीचा डबा दाखवतेय! मला रमवायला करत असेल बिचारी. मी मुकाट्याने शिकतो. मीही हळूच तिला शिलाई शिकवायला घेतलीय, फर्मे कसे जुळवायचे, खळ किती पातळ. माझ्यामागे दुकान चाललं पाहिजे. दुपारी ती माझ्या टेबलाशी बसते आणि मी तिच्या चुलीशी. कणकण चढली की मला हे सगळं कोणा दुसऱ्याच माणसांचं घर वाटतं, आणि ती माणसं मला फार आवडतात.

शाळेची सगळी पुस्तकं बांधून झाली, एक सोडून. त्याचं पहिलं पानच नाही, नाव कळत नाही. पाठीवर काय छापू? तसंच ठेवलंय.

१५ तारखेला येऊ नका. तुम्हाला बघितलं तर मला रडू येईल आणि दुर्बीण आत जाणार नाही.

तुम्ही पचकलात, याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पण दुसरं लिहू कोणाला?

बाइंडर


९ नोव्हेंबर

बाइंडर,

हे पत्र हातोहात पाठवतोय, आमच्या कचेरीचा माणूस उद्या तुमच्या शहरात येतोय, तो दारात आणून देईल. आधी पूर्ण वाचा, मग मला शिव्या घाला.

मी पचकलो नाही. यापुढे या विषयावर एक अक्षर नाही.

तुमचं पत्र वाचून मी नदीवर जाऊन बसलो. पाणी स्वस्थ होतं. मी स्वतःशी म्हटलं, अरे गाढवा, तू एकवीस वर्षं काय करतोस? पाणी चढलं की इथे बघून काही कळत नाही. आणि दोन आठवडे तू साडूच्या छातीकडेच बघत बसलायस! बाईंनी सांगितलं ना, ग्रंथी कचरा अडवतात. मग कचरा आला कुठून? वरच्या अंगाला काय झालं?

तुमची पत्रं मी जपून ठेवतो. मागची एकेक काढली. ताप सप्टेंबरच्या शेवटाला सुरू झाला. त्याच्या आधी काय? ३ सप्टेंबर. तुमच्याच अक्षरात, जसंच्या तसं उतरवतो: "खाली घोट्याएवढी काळी भुकटी, चहाच्या पुडीसारखी मऊ... नुसती तरंगत राहायची." चहाची पुडी नव्हती ती, महाराज. शंभर वटवाघळांची चाळीस वर्षांची घाण होती. आणि तुम्ही दोघं ती बघत बसलात, श्वास घेत!

इथल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, त्या घाणीत एक बुरशी वाढते, तिचे कण डोळ्यांना दिसतही नाहीत. श्वासातून आत गेले की ताप, खोकला आणि छातीतल्या ग्रंथी सुजतात, हुबेहूब कर्करोगासारख्या. पण ते असंही म्हणाले की तसं असेलच असं नाही, पेशंट बघितल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून मीही तुम्हाला "सुटलात" म्हणत नाही. पण बाईंनी तुम्हाला धूळ विचारली, तेव्हा तुम्ही टेबलाचा अभिमान सांगितलात! असा माणूस मी जन्मात बघितला नाही. उद्या उठा आणि त्यांना पोटमाळा सांगा. लाजू नका. तुमचं टेबल स्वच्छच आहे, हे मी लिहून देतो.

आता दुसरं. ते जास्त महत्त्वाचं आहे. पोटमाळ्यावर तुम्ही एकटे नव्हतात. शिडीवर धाकटी होती. तुम्ही झाडत होतात आणि ती पुसत होती. फडकं तोंडाला, जिन्यात बसणं, गाणं बंद. बाइंडर, हे मी लिहीत नाही, तुम्हीच लिहिलंय. पुन्हा वाचा.

मी आत्ता बायकोला सरळ विचारलं, धाकटीला काय झालंय? ती म्हणाली, "मला शपथ घातलीय." म्हणजे या घरात दोन शपथा आहेत आणि एकही तुमच्या घरात नाही. शपथ मोडायचं मला सांगू नका, मी माझी पाळतोय. तुमची तुम्ही मोडा. आज. हे पत्र खाली ठेवा आणि जिन्यात जा.

पाणीमाप्या


२६ नोव्हेंबर

भावोजी,

हे पत्र मी लिहितेय, धाकटी. हे समोर बसलेत आणि प्रत्येक ओळ वाचताहेत, तेव्हा यात काही गुपित नाही. गुपितांना आमच्या घरात आता मज्जाव आहे.

आधी बातमी देते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील. १५ तारखेला सुई घातली. डॉक्टरबाईंना यांनी पोटमाळा सांगितला होता, तरी त्या म्हणाल्या, खात्री केल्याशिवाय नाही, कारण एकाच छातीत दोन गोष्टी असू शकतात. परवा निकाल आला. कर्करोग नाही. बुरशीच आहे. आठवडाभर मी या टेबलाशी बसून एकच फर्मा शिवत होते आणि उसवत होते, ते परवा संपलं.

आता माझं. मला सप्टेंबरच्या शेवटीच धाप लागायला लागली. मी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले, यांना भाजी आणते सांगून. त्यांनी विचारलं, धुळीत काही केलंत का? मी पहिल्याच दिवशी सांगितलं, पोटमाळा झाडला, वटवाघळं होती. ते म्हणाले, मग बुरशी असावी, पण फोटोत छातीत गाठी दिसताहेत, मोठ्या दवाखान्यात जाऊन कर्करोग नाही ना हे बघून घ्या. मी घरी आले तर यांचा चेहरा उतरलेला, अंग गरम. म्हटलं, यांना आधीच बरं नाही, यात माझं कुठे सांगू? ताईला तेवढं लिहिलं. आणि "असावी" हा शब्द विसरून गेले, दुसराच तेवढा घट्ट धरला. यांच्यात आणि माझ्यात तेवढा फरकही राहिलेला नाही.

म्हणजे बघा, उत्तर माझ्याजवळ होतं आणि भीती दोघांजवळ. एका उशीला दोघांची डोकी आणि बातमी मात्र तुमच्या नदीवरून फिरून यावी लागली!

तुमचं पत्र वाचून हे जिन्यात आले, पण तुम्ही पचकला नाहीत आणि मीही आजारी आहे, हे यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. माझ्या खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुला एक सांगायचंय, पण घाबरायचं नाही." मला वाटलं, यांना माझं कळलं. मी म्हटलं, "मला माहितीये तुम्हाला कळलंय." हे म्हणाले, "मलाही माहितीये तुला कळलंय." असं आम्ही बराच वेळ एकमेकांचं सांत्वन करत होतो, हे मला स्वतःच्या दुखण्याबद्दल धीर देत होते आणि मी यांना माझ्या. मग यांनी विचारलं, "पण साडूंनी तुला कधी सांगितलं?" मी म्हटलं, "काय?" भावोजी, तेव्हा कुठे दोघांची दोन दुखणी बाहेर आली. मग मला एवढा राग आला! मी यांना बटाटे शिकवत होते, माझ्यामागे उपाशी राहू नयेत म्हणून. आणि हे मला शिलाई शिकवत होते, मी उघड्यावर पडू नये म्हणून. रोज दुपारी मन लावून आम्ही एकमेकांना एकटं राहायला शिकवत होतो. मी ओरडले, मग खोकले, मग दोघंही खोकलो, मग रडलो, मग बटाटे करपले.

काल दोघं मिळून बाईंकडे गेलो. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. सारखेच दिसतात, फक्त माझ्या गाठी जरा लहान. मला सुईची गरज नाही म्हणाल्या. दोघांनाही गोळ्या दिल्यात आणि तीन महिन्यांनी पुन्हा फोटो. गाठी हळूहळू बसतील, वेळ लागेल, ताप गेला तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. ताप पुन्हा चढला, वजन उतरत राहिलं तर त्याच दिवशी यायचं, लपवायचं नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, एकदा यांच्याकडे बघून आणि एकदा माझ्याकडे.

मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"आणि दोन महिन्यांत एकमेकांना एकदाही विचारलं नाहीत, कसं वाटतंय म्हणून?"

हे म्हणाले, "विचारलं की. रोज विचारलं."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. खोलीत दोन फोटोंचा उजेड होता. मग यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, डॉक्टरबाईंच्या देखत, आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

माझ्या तोंडात नेहमीचं उत्तर तयारच होतं, भावोजी. ते गिळायला मला जरा वेळ लागला.

मी म्हटलं, "दम लागतो हो. जिना चढवत नाही."

धाकटी